सेन्चा हा जपानी हिरवा चहा घरी केला की कडूजहर होतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा पाणी. उकळतं पाणी घातलं की पानांतली कॅटेचिन्स आणि कॅफीन झपाट्याने उतरतात, चहा कडू आणि तुरट होतो. गोडसर चव देणारं थिअनीन मात्र कमी गरम पाण्यातही छान उतरतं. म्हणून पाणी ७० अंशांवर आणा. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका गार भांड्यातून दुसऱ्यात ओता. दर वेळी साधारण १० अंश कमी होतात, तीनदा ओतलं की झालं. बोअरचं जड पाणी टाळा, त्यात चव मरते.

दोघांसाठी ५ ग्रॅम पत्ती, १८० मिली पाणी, झाकण ठेवून १ मिनिट. ढवळायचं नाही. दोन्ही कपांत आळीपाळीने थोडा थोडा ओता आणि शेवटचा थेंबही निथळू द्या. तोच सगळ्यात दाट असतो, शिवाय पाणी मागे राहिलं तर त्याच पत्तीचा पुढचा चहा कडू होणारच. दुसऱ्या वेळी ८० अंश आणि १५ सेकंद पुरे, पानं आधीच उमललेली असतात.

पाकिटावर ‘फुकामुशी’ असेल तर पानं जास्त वाफवलेली, त्यामुळे चुरा अधिक. तो ३०-४० सेकंदांतच गाळा. नेहमीच्या सेन्चाची पानं मात्र सुईसारखी वळलेली, गडद आणि चकाकणारी हवीत.

फोडलेलं पाकीट महिन्याभरात संपवा. फ्रिजमधलं पाकीट गार असताना उघडू नका, पत्ती सादळते.