मुलीची पहिली रायफल : कॅलिबर निवडण्यापूर्वी आणि निवडताना

पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावातून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची बारा वर्षांची मुलगी यंदा शेजारच्या कुटुंबाबरोबर हरणाच्या शिकारीला जाऊ इच्छिते. शेजारच्या आजोबांनी स्वतःची .३०-०६ रायफल देऊ केली आहे, दुकानदाराने .२४३ सुचवली आहे, आणि वडिलांचे सहकारी ६.५ क्रीडमूरखेरीज दुसरे नाव घ्यायला तयार नाहीत. घरात आजवर कोणी बंदूक हातात धरलेली नाही. आईवडील नोकरीच्या एच-१बी आणि जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर आहेत, मुलगी मात्र अमेरिकेत जन्मलेली आहे. ‘नेमके कोणते कॅलिबर (म्हणजे काडतुसाचे माप) घ्यावे?’ एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर मी देणारच आहे. पण आपल्या पत्रातली व्हिसाची ओळ वाचून मी थांबले, आणि आपणही आधी तिथेच थांबावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१ आणि एफ-१ हे सारे व्हिसा त्यात येतात. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही मनाई लागू नाही, आणि आपली मुलगी तर नागरिकच आहे. परंतु ‘जवळ बाळगणे’ याचा अर्थ केवळ विकत घेणे असा नाही. नेमबाजीच्या रेंजवर मित्राची रायफल दोन मिनिटे हातात घेणे हेही त्यात येते, आणि मुलीच्या नावाची म्हणून आपल्या बेडरूमच्या कपाटात ठेवलेली रायफलही कायद्याच्या नजरेत आपल्या ताब्यातली ठरू शकते. या मनाईला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला आपल्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला आणि मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. पेनसिल्व्हेनियाचा परवाना १ जुलै ते ३० जून एवढ्याच काळापुरता असतो. त्यामुळे जुलै उजाडला आणि नूतनीकरण राहून गेले, तर कालपर्यंत कायदेशीर असलेली तीच वस्तू आज गुन्ह्याला कारण होते. शस्त्रविषयक गुन्ह्यामुळे या देशातला मुक्कामच धोक्यात येऊ शकतो, म्हणून आपल्या इमिग्रेशन वकिलाला हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

पेनसिल्व्हेनियात शिकारीचा पहिला परवाना काढण्याआधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. माझे मत असे की आपण दोघांनीही मुलीबरोबर तो करावा आणि आपलेही परवाने काढावेत. कायद्याची गरज भागेल हे तर आहेच; पण ज्या घरात मुलीला बंदुकीतले कळते आणि आईवडिलांना कळत नाही, त्या घरात तिची चूक तिच्या लक्षात आणून देणारे कोणीच उरत नाही.

आता कॅलिबर. या नावांचा गोंधळ एकदा उलगडला की निवड सोपी होते. .२४३ म्हणजे गोळीचा व्यास, इंचात. .३०-०६ मध्ये .३० हा व्यास आणि ०६ हे १९०६ साल. .३०८ विंचेस्टर १९५२ साली आले. त्याच काडतुसाच्या पितळी पुंगळीची मान (जिथे गोळी बसते ते तोंड) आवळून १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर तयार झाले आणि १९८० मध्ये रेमिंग्टनने त्याच पुंगळीवर ७एमएम-०८ बाजारात आणले. म्हणजे ही तिन्ही एकाच घरची भावंडे आहेत, फक्त गोळीची जाडी आणि वजन निरनिराळे. ६.५ क्रीडमूर हे २००७ सालचे, लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी घडवलेले काडतूस आहे आणि ते चांगलेही आहे.

बारा वर्षांच्या मुलीसाठी यांच्यातला खरा फरक खांद्याला बसणाऱ्या धक्क्यात आहे. साडेसात-आठ पौंड वजनाच्या रायफलीत .२४३ चा धक्का साधारण ९ फूट-पौंड (धक्क्याच्या ऊर्जेचे माप) असतो, ६.५ क्रीडमूर आणि ७एमएम-०८ यांचा १२ ते १३, .३०८ चा १६ ते १८, आणि .३०-०६ चा १८ ते २०. आजोबांची .३०-०६ ही मुलीच्या खांद्यावर .२४३ च्या दुप्पट जोराने आदळते. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण ती रायफल आपण नम्रपणे नाकारावी.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना रेंजवरच्या एका परिचिताने कौतुकाने आपली मोठी रायफल त्याच्या हाती दिली आणि मी गप्प बसले. पहिल्याच बाराला स्कोपची, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीची, कड त्याच्या भुवईवर आदळली. जखम आठवड्यात भरली. भीती भरली नाही. पुढे प्रशिक्षकांनी त्याला न कळू देता रायफलीत बनावट काडतूस घातले. त्याने चाप ओढला, नुसता ‘टक्’ असा आवाज झाला, आणि तरीही नळीचे टोक चांगले दोन बोटे खाली गेले, डोळे गच्च मिटलेले. बार उडण्याआधीच त्याचे शरीर धक्क्याला घाबरून दचकत होते. ती खोड मोडायला संपूर्ण उन्हाळा धक्का जवळजवळ नसलेल्या .२२ रिमफायर रायफलीवर काढावा लागला. अशा दचकलेल्या नेमाने सुटलेली गोळी हरणाच्या पोटात किंवा पायात लागते, आणि ते जनावर रात्रभर तडफडत फिरते. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जेमतेम आठ इंचांचे वर्तुळ होते. तिथे लागलेली .२४३ ची १०० ग्रेनची (सुमारे साडेसहा ग्रॅमची) गोळी पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी पुरेशी आहे. तिथे न लागलेली .३०-०६ ची गोळी नुसती क्रूर आहे.

म्हणून माझा सल्ला असा : मुलगी अंगाने लहानखुरी असेल तर .२४३ विंचेस्टर, आणि चांगली उंच, खांद्याने भरलेली असेल तर ७एमएम-०८. दुसरीचा फायदा हा की तिच्या १४० ग्रेनच्या गोळीत थोड्या चुकलेल्या कोनालाही सावरून घेण्याची ताकद अधिक असते आणि ती रायफल मोठेपणीही पुरते. सहकाऱ्यांच्या ६.५ क्रीडमूरलाही माझा आक्षेप नाही. मात्र तीनशे यार्डांवरच्या त्याच्या ज्या गुणांचे कौतुक होते, त्यांचा आपल्या मुलीला काही उपयोग नाही, कारण तिने पहिली दोन वर्षे शंभर यार्डांपलीकडे चाप ओढूच नये. .२४३ घेतलीत तर काडतुसांच्या बाबतीत एक काळजी घ्या. त्याच काडतुसात ५५-६० ग्रेनच्या हलक्या गोळ्याही मिळतात. त्या लहान उपद्रवी प्राण्यांसाठी असतात आणि हरणाच्या अंगावर वरच्यावरच फुटून जातात. ९५ ते १०० ग्रेनची, हरणासाठी म्हणून बनवलेली, आत शिरून पसरणारी गोळीच घ्यावी. मांस घरी शिजणार असेल तर संपूर्ण तांब्याच्या गोळीचा विचार करा. ती थोडी हलकी, ८०-८५ ग्रेनची असली तरी चालते. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून दूरवर मांसात पसरतात, आणि शिसे मुलांच्या शरीराला मुळीच चांगले नाही. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून सर्वच शिकारीसाठी बिनशिशाच्या गोळ्या सक्तीच्या आहेत.

इतर राज्यांतल्या वाचकांनी हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. एडिसनच्या परिसरात राहणाऱ्या असंख्य मराठी कुटुंबांसाठी तो निरुपयोगीच आहे, कारण न्यू जर्सीत हरणासाठी अशी रायफल चालतच नाही. तिथे शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरण्याची बंदूक) किंवा धनुष्यबाण हेच मार्ग आहेत. ओहायोत पुंगळी सरळ भिंतीची, म्हणजे मान न आवळलेली, लागते. तेथे २०१९ साली आलेले .३५० लेजेंड हे कमी धक्क्याचे काडतूस मुलांना सोयीचे आहे. कोलोरॅडोत व्यास किमान .२४ इंच असावा लागतो, त्यामुळे .२४३ जेमतेम बसते आणि .२२३ बसत नाही. आपल्या पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी, रायफल चालत नाही. दर बारानंतर हाताने काडतूस भरण्याची बोल्ट अ‍ॅक्शन घ्यावी, आणि नवशिक्याच्या हातात तीच बरी.

कॅलिबरइतकेच महत्त्व रायफलीच्या मापाला आहे, आणि याकडे बहुतेक पालकांचे दुर्लक्ष होते. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर प्रौढांच्या रायफलीत साडेतेरा इंचांच्या आसपास असते. मुलांना बारा-साडेबारा इंच लागते. दस्ता लांब असला की मूल पाठीमागे झुकते आणि नळीचा तोल जातो. तुकडे घालून दस्ता वाढवता येईल असे मॉडेल घेतले तर रायफल मुलीबरोबर मोठी होते. ‘मुलांसाठी हलकी’ म्हणून साडेपाच-सहा पौंडांची रायफल खपवली जाते. ती उचलायला सोपी असते खरी, पण वजन कमी तेवढा धक्का जास्त, हे दुकानात कोणी सांगत नाही. धक्का कमी करण्यासाठी नळीच्या टोकाला ब्रेक लावून घेऊ नका, कारण त्याने आवाज मागे फिरतो आणि मुलांचे कान आधीच नाजूक असतात. सरावात कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही हवेत. आणि मुलगी उजव्या हाताची असली तरी तिचा बलवान डोळा (नेम धरताना आपोआप पुढाकार घेणारा) डावा नाही ना, हे आधी तपासून घ्या.

आपल्या परिस्थितीत मी यंदा रायफल विकत घेऊच नये असे म्हणेन. शेजाऱ्यांकडे किंवा त्यांच्या ओळखीत .२४३ असेल तर तीच पहिल्या हंगामापुरती वापरावी, आणि ती त्यांच्याच तिजोरीत राहू द्यावी. पुढे आपले परवाने काढून विकत घेतलीत तर रायफल कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या आपल्याकडे. मुलगी कितीही समंजस असली तरी तिच्याकडे नव्हे, कारण घरात तिच्या मैत्रिणीही येतात. काडतूस भरण्यापूर्वी नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या बुडावरचे नाव तिने दर वेळी मोठ्याने वाचावे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. अंगावर फ्लुरोसंट नारिंगी रंग डोके, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच असावा लागतो. त्या टोपीवर आणि जॅकेटवर पैसे वाचवू नका.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होणारा हा हंगाम डिसेंबरच्या मध्याला संपतो आणि पाठोपाठ आपल्यापैकी अनेकजण सुट्टीत भारतात निघतात. तेच जॅकेट किंवा तीच पाठपिशवी घेऊन निघू नका. विसरलेले एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि आजी-आजोबा बाहेर वाट पाहत असताना आपण आत पोलिसांना जबाब देत बसता. निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक खिसा उलटा करा, अस्तराच्या आतला चोरखिसासुद्धा.