स्पॅनिशमधील 'येगार' आणि पोहोचण्याचे इतर वाक्प्रयोग इंग्रजीत कसे आणावेत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : स्पॅनिश-इंग्रजी कोशात 'येगार' या क्रियापदापुढे 'अराइव्ह' आणि 'रीच' हे दोन अर्थ दिलेले असतात, परंतु 'येगार आ सेर', 'येगार आ फिन दे मेस' किंवा 'नो येगो आ देसीर्मेलो' अशा प्रयोगांत त्यांपैकी कोणताही शब्द घातला तरी इंग्रजी वाक्य अवघडते, मग अनुवादकाने कोणता नियम पाळावा? मी गेली अनेक वर्षे स्पॅनिशमधून इंग्रजीत अनुवाद करते, आणि या क्रियापदाइतके विचार करायला लावणारे दुसरे साधे क्रियापद मला क्वचितच भेटले आहे. त्याच्यासाठी एक ठरावीक प्रतिशब्द शोधणे सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक वाक्यात कोणता टप्पा गाठला गेला किंवा गाठायचा राहिला, तो टप्पा अपेक्षित होता की अनपेक्षित, आणि तो राहिला असेल तर कशामुळे राहिला, एवढे आधी ठरवावे. ते ठरले की इंग्रजीत कधी वेगळे क्रियापद, कधी एखादे छोटे क्रियाविशेषण, तर कधी केवळ एक शब्दयोगी अव्यय ते काम करते.

खाली मी स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतील उच्चारांप्रमाणे लिहिले आहेत. एक सूचना मात्र आधीच करते. 'मी पोहोचतो' आणि 'तो पोहोचला' ही दोन्ही रूपे देवनागरीत 'येगो' अशीच दिसतात. पहिल्यात आघात 'ये'वर असतो, दुसऱ्यात 'गो'वर. स्पॅनिश लिपीत हा फरक स्वरावरील एका तिरक्या चिन्हाने दाखवतात आणि घाईच्या वाचनात ते चिन्ह नजरेतून सुटले की काळ आणि पुरुष दोन्ही चुकतात.

प्रथम प्रत्यक्ष हालचालीचे प्रयोग पाहू, कारण अडचणीचे मूळ तेथेच आहे. 'येगो आ ला ओरिया नादांदो' म्हणजे 'ती पोहत काठाला लागली'. स्पॅनिशमध्ये मुख्य क्रियापद पोहोचण्याचे आहे आणि पोहण्याची रीत जोडीला आली आहे. आपल्या मराठीतही नेमकी तीच रचना होते. इंग्रजी मात्र रीत मुख्य क्रियापदात घालते आणि पोहोचणे एका अव्ययावर सोपवते : 'शी स्वॅम टु द शोअर'. 'येगारोन कोहेआंदो' म्हणजे 'ते लंगडत आले', आणि इंग्रजीत 'दे लिम्प्ड इन'. लिओनार्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विवेचनात भाषांचे हे दोन गट मांडले, आणि त्या मांडणीत स्पॅनिश व इंग्रजी ही दोन बाजूंची नेहमीची उदाहरणे झाली आहेत. मराठी माणसासाठी यातील अडचण अशी की, त्याचा भाषिक कल येथे स्पॅनिशच्या बाजूचा असल्यामुळे 'शी अराइव्ह्ड अ‍ॅट द शोअर स्विमिंग' हे वाक्य त्याला खटकत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ते चूक नाही, पण इंग्रजी भाषक सहसा तसे बोलणार नाही. म्हणून 'येगार' आणि त्याच्यासोबत चालणे, धावणे, पोहणे अशा अर्थाचे रूप दिसले की मी 'अराइव्ह' बाजूला ठेवते आणि रीतीच्या क्रियापदाला पुढे आणते.

जेथे रीत सांगितलेली नसते तेथेही 'अराइव्ह' हा शब्द बहुधा जड पडतो. 'येगार आ कासा' हे रोजच्या बोलण्यात 'गेट होम' होते. त्यात 'टु' येत नाही. 'आ के ओरा येगास?' याचे इंग्रजी विमानतळावर घ्यायला येणारा माणूस 'व्हॉट टाइम डू यू गेट इन?' असे करील. घरात पाऊल टाकताना मेक्सिकोतला माणूस 'या येगे' म्हणतो, तेथे इंग्रजीत 'आय ॲम होम' हवे. स्पॅनिशमध्ये 'येगार'नंतर 'आ' येतो म्हणून स्पॅनिश भाषक इंग्रजीत 'अराइव्ह टु' लिहितात. ही त्यांच्या लेखनात वारंवार दिसणारी चूक आहे आणि मूळ पाठ्याच्या प्रभावाखाली अनुवादकाकडूनही ती होऊ शकते. शहर किंवा देश असेल तर 'इन', स्थानक किंवा इमारत असेल तर 'ॲट', आणि 'रीच' वापरले तर कोणतेही अव्यय नाही.

आता 'नो येगो' या दोन शब्दांकडे येऊ. येथे 'येगो' म्हणजे 'मी पोहोचतो' हे वर्तमानकाळी रूप आहे. उंच फळीवरचा डबा काढू पाहणारा माणूस ते म्हणतो, गाडी सुटायला पाच मिनिटे राहिली असताना रस्त्यात अडकलेला प्रवासी ते म्हणतो, आणि पगारात महिना निभत नाही असा नोकरदारही ते म्हणू शकतो. इंग्रजीत पहिल्यासाठी 'आय कान्ट रीच', दुसऱ्यासाठी 'आय ॲम नॉट गोइंग टु मेक इट', आणि तिसऱ्यासाठी 'आय कान्ट मेक एंड्स मीट' अशी तीन वेगवेगळी वाक्ये करावी लागतात. 'येगार आ फिन दे मेस', शब्दशः महिन्याच्या अखेरीपर्यंत पोहोचणे, हा प्रयोग याच तिसऱ्या अर्थाचा असून त्यासाठी 'मेक एंड्स मीट' हा रुळलेला पर्याय आहे. मात्र मूळ परिच्छेदात पुढे पंचवीस तारखेला संपलेल्या पैशांचा उल्लेख असेल तर मी 'मेक इट टु द एंड ऑफ द मंथ' असेच ठेवते, कारण तेथे महिना हा संदर्भ हरवून चालत नाही.

याच अर्थाचे दुसरे क्रियापद 'आल्कान्सार' आहे, आणि ते समजण्यासाठी मराठी माणसाजवळ एक उत्तम साधन आहे : आपले 'पुरणे'. हात पुरत नाही, पगार पुरत नाही, वेळ पुरत नाही, या तिन्ही ठिकाणी स्पॅनिशमध्ये 'आल्कान्सार' चालते. इंग्रजीत मात्र हात 'रीच' करतो, पैसे 'इनफ' नसतात आणि वेळ 'रन आउट' होतो. 'नो मे आल्कान्सा' या वाक्याच्या मागेपुढे पैसा, वेळ की अंतर आहे हे पाहिल्याशिवाय इंग्रजीतले पहिले अक्षरही लिहू नये. लॅटिन अमेरिकेत हेच क्रियापद 'आल्कान्सामे ला साल' असे जेवणाच्या टेबलावरही ऐकू येते. त्याचा अर्थ मीठ गाठणे नव्हे, तर 'पास मी द सॉल्ट' एवढाच.

जाता जाता व्युत्पत्तीविषयी. 'येगार' हे लॅटिन 'प्लिकारे' म्हणजे दुमडणे, घडी घालणे, यावरून आले. बंदरात शिरताना शिडे गुंडाळीत, त्यावरून पोहोचण्याचा अर्थ आला असे सांगतात. त्याच धातूपासून रुमानियनमध्ये 'प्लेका' झाले आणि त्याचा अर्थ उलट, म्हणजे निघून जाणे, असा आहे. पोर्तुगीजमधील 'शेगार' हे त्याचे भावंड असून त्याचेच 'शेगा!' हे रूप 'पुरे!' या अर्थाने वापरतात. गोव्यातील पोर्तुगीज जाणणाऱ्या वाचकांना ते परिचित असेल.

अनुवादकाची खरी कसोटी मात्र 'येगार आ' आणि त्यापुढे मूळ क्रियापद अशा जोडप्रयोगात लागते. होकारार्थी वाक्यात हा प्रयोग सांगतो की, गोष्टी एका टोकापर्यंत गेल्या. 'येगे आ पेन्सार के मे ओदियाबा' याचे मराठी 'तो माझा द्वेष करतो, असा विचारही माझ्या मनात येऊन गेला' असे होईल. इंग्रजीत 'आय इव्हन थॉट ही हेटेड मी' किंवा 'ॲट वन पॉइंट आय थॉट ही हेटेड मी' हे दोन्ही पर्याय योग्य आहेत. पहिला टोकाचा भाव देतो, दुसरा तो विचार पुढे मागे पडला हे सुचवतो. 'आय अराइव्ह्ड ॲट थिंकिंग' हे मात्र इंग्रजीच नव्हे. आकड्यांच्या बाबतीत 'येगो आ आबेर सिएन पेर्सोनास' म्हणजे गर्दी वाढत वाढत एका क्षणी शंभरापर्यंत पोहोचली; त्यासाठी 'देअर वेअर ॲज मेनी ॲज अ हंड्रेड पीपल' असे लिहावे. केवळ 'देअर वेअर अ हंड्रेड पीपल' लिहिले तर संख्या बरोबर राहते, पण ती चढत गेली होती ही माहिती गळते, आणि वृत्तान्ताच्या अनुवादात हा दोष मी किरकोळ मानत नाही.

'येगार आ सेर' म्हणजे होणे, पण वाट चालून होणे. बेनितो हुआरेस यांचे उदाहरण घ्या. 1806 मध्ये ओआहाका प्रांतातील गेलाताओ या खेड्यात सापोतेक या मूलनिवासी समाजातील कुटुंबात त्यांचा जन्म झाला, आईवडील लहानपणीच वारले, स्पॅनिश भाषा ते घराबाहेर पडल्यानंतर शिकले, आणि 1858 मध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झाले. 'येगो आ सेर प्रेसिदेंते' या तीन-चार शब्दांत तो सगळा चढ आहे. 'ही बिकेम प्रेसिडेंट' यात तो दिसत नाही; 'ही वेंट ऑन टु बिकम प्रेसिडेंट' केवळ घटनांचा क्रम सांगते; 'ही रोझ टु बिकम प्रेसिडेंट' हाच येथे न्याय्य अनुवाद आहे. परंतु हीच रचना एखाद्या सामान्य सवयीविषयी किंवा दुखण्याविषयी आली तर 'रोझ' हास्यास्पद होईल आणि तेथे 'इव्हेंच्युअली बिकेम' किंवा 'केम टु बी' हवे.

नकारार्थी वाक्ये याहून नाजूक आहेत, आणि आपण दिलेले 'नो येगो आ देसीर्मेलो' हे त्याच वर्गातले आहे. 'त्याने मला ते सांगितले नाही' एवढेच म्हणायचे असते तर स्पॅनिशमध्ये 'नो मे लो दिहो' म्हटले असते. 'येगार' आल्यामुळे वाक्य सांगते की, सांगण्याची शक्यता होती, कदाचित तो सांगण्याच्या बेतातही होता, पण प्रत्यक्षात ते घडले नाही. का घडले नाही, हे स्पॅनिश सांगत नाही. इंग्रजी मात्र बऱ्याचदा ते सांगायला लावते. संधी मिळाली नाही, तो आधीच वारला किंवा निघून गेला, असे असेल तर 'ही नेव्हर गॉट टु टेल मी'. आळसाने किंवा चालढकल करून राहिले असेल तर 'ही नेव्हर गॉट राउंड टु टेलिंग मी'. प्रयत्न करूनही जमले नसेल तर 'ही नेव्हर मॅनेज्ड टु टेल मी'. अगदी ओठांवर येऊन थांबले असेल तर 'ही नेव्हर क्वाइट टोल्ड मी'. कारण मूळ लेखकाने मुद्दाम झाकून ठेवले असेल, तर 'ही नेव्हर डिड टेल मी' हे वाक्य मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण त्यात हुरहूर राहते आणि कारण मात्र जोडले जात नाही. एक चुकीचा पर्याय निवडला की गेलेल्या माणसावर आपण आळसाचा आरोप करून बसतो. म्हणून अशा वाक्यापाशी मी मागची-पुढची पाने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. 'नो येगे आ कोनोसेर आ मि आबुएलो' हे वाक्य कोणी उच्चारले तर 'आय नेव्हर गॉट टु मीट माय ग्रँडफादर' असेच लिहावे, कारण भेटीची ओढ 'गॉट टु'मध्ये उतरते. लॅटिन अमेरिकेत याच जागी 'आल्कान्सार आ' अधिक आढळते, आणि त्यात वेळेत न जमल्याचा भाव ठळक असतो : 'नो आल्कान्से आ देस्पेदीर्मे', निरोप घ्यायचा राहून गेला.

एक रचना तर वर्षानुवर्षे स्पॅनिश शिकलेल्यांनाही फसवते. 'सि येगो आ साबेर्लो, नो बेंगो' यात दोन्ही क्रियापदे वर्तमानकाळी आहेत, परंतु अर्थ सर्वस्वी भूतकाळातील न घडलेल्या गोष्टीचा आहे : 'मला हे माहीत असते, तर मी आलोच नसतो'. इंग्रजीत 'इफ आय हॅड नोन, आय वुडन्ट हॅव कम' असेच करावे लागते आणि 'येगार'साठी तेथे एकही शब्द उरत नाही. ही रचना स्पेनमधील बोलण्यात विशेष ऐकू येते. उलट 'सि येगारा आ योबेर' हे भविष्यातील दूरच्या शक्यतेविषयी आहे आणि त्याला 'इफ इट शुड रेन' पुरेसे आहे.

दिशेचा मुद्दा लहान आहे. कोणी हाक मारली की स्पॅनिश माणूस 'या बोय' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'जातो'. इंग्रजीत 'आय ॲम कमिंग', आणि आपण 'आलोच' म्हणतो. त्याचप्रमाणे 'येगार लेहोस', दूरवर पोहोचणे, हे इंग्रजीत 'गो फार' होते.

रूढ वाक्प्रचारांत काही जोड्या सहज जमतात. 'येगार आ लास मानोस' म्हणजे हातघाईवर येणे. इंग्रजीत 'कम टु ब्लोज'. 'नो येगार्ले आ ला सुएला देल सापातो' म्हणजे एखाद्याच्या जोड्याच्या तळव्यापर्यंतही न पोहोचणे. आपण नखाची सर नाही म्हणतो, इंग्रजीत 'कान्ट होल्ड अ कँडल टु' चालते. 'नो येगो ला सांग्रे आल रिओ', रक्त नदीपर्यंत गेले नाही, म्हणजे भांडण विकोपाला गेले नाही. येथे इंग्रजीत 'इट डिडन्ट कम टु दॅट' किंवा 'इट नेव्हर गॉट आउट ऑफ हँड' अशी साधी वाक्ये मी पसंत करते. 'आ तोदो सेर्दो ले येगा सु सान मार्तिन' ही म्हण 11 नोव्हेंबरच्या सान मार्तिनच्या सणाशी निगडित आहे, कारण स्पेनच्या खेड्यांत डुक्कर मारण्याचा हंगाम त्या सुमारास असतो; प्रत्येकाला आपल्या कर्माचे फळ मिळते, असा तिचा आशय आहे. संवादात 'ही विल गेट व्हॉट्स कमिंग टु हिम' पुरते, परंतु ग्रामीण कथेत डुक्कर आणि सण दोन्ही राखून शब्दशः अनुवाद करणे मला अधिक योग्य वाटते, कारण वाचक संदर्भावरून अर्थ लावू शकतो.

हे वाक्प्रचार रिआल अकादेमिया या स्पेनमधील भाषासंस्थेच्या कोशात शोधताना 'येगार'च्या नोंदीत बराच वेळ घालवू नका. तो कोश वाक्प्रचार सहसा त्यांतील नामाखाली देतो. म्हणून 'नो येगार्ले ला कामिसा आल कुएर्पो', म्हणजे भीतीने गाळण उडणे, हे 'कामिसा'खाली पाहावे, आणि रक्त नदीपर्यंत जाणे 'सांग्रे'खाली.