आजोबांच्या शेताचे तिकीट

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

गेल्या शनिवारी आपण स्ट्रॉबेरी तोडायला गेलो होतो, तेव्हा फाटकाशी माणशी तिकीट काढले, आत जाऊन टोपली भरली आणि बाहेर पडताना तिचे वजन करून पुन्हा पैसे दिले. परतताना तू गाडीत मागून विचारलेस, "आई, आजोबांच्या शेतात येळवशीला एवढे लोक जेवून गेले, त्यांनी तिकीट काढले होते का?" मी गाडी चालवत होते, म्हणून "नाही गं, ते पाहुणे होते" एवढेच म्हणाले. ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. आता तुला मराठी नीट वाचता येते, तेव्हा उरलेले उत्तर लिहूनच देते.

तू पाहिलीस ती येळवस 2024 सालची. पंचांगात ती मार्गशीर्ष अमावास्या असते, वर्तमानपत्रे वेळ अमावास्या छापतात, आणि लातूर-धाराशिवकडे बोलताना सगळे येळवसच म्हणतात. शेजारच्या कर्नाटकात हाच सण 'एळ्ळ अमावास्या' या नावाने होतो. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. त्या वर्षी ती 30 डिसेंबरला, सोमवारी आली आणि तुझ्या नाताळच्या सुटीत बसली, म्हणून आपल्याला साधली. त्या दिवशी आपल्याकडे जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात, दुकाने बंद राहतात आणि शहरातली माणसे सकाळीच कुणाच्या ना कुणाच्या शेताकडे निघतात. लातूरचे रस्ते इतके रिकामे पाहून तू मला विचारले होतेस की इथे संप आहे का.

हा सण याच दिवसांत का येतो, हे शेताचे वेळापत्रक पाहिले की कळते. मृग नक्षत्रात, म्हणजे जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पाऊस पडला की खरिपाची पेरणी सुरू होते, आणि तेव्हा पाहुण्याला कोणी बोलावत नाही. आलाच तर आजोबा त्याच्या हातात बियाण्याची ओटी देतात. सोयाबीन ऑक्टोबरात निघते आणि मागोमाग हस्त-चित्रा नक्षत्रांत रब्बीची ज्वारी पेरली जाते. ही ज्वारी पडत्या पावसावर येत नाही. काळ्या भारी मातीत पावसाळ्यात जी ओल मुरून राहिलेली असते, तिच्यावर ती थंडीभर वाढते. मार्गशीर्ष संपत येतो तेव्हा ती पोटऱ्यात, म्हणजे कणीस अजून पानांच्या पोटात असलेली, किंवा नुकती निसवलेली, म्हणजे कणीस बाहेर पडलेली असते, हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, कोळपणी, म्हणजे ओळींमधले तण काढणे, उरकलेली असते आणि काढणी अजून दूर असते. शेतकऱ्याला मान वर करून आपल्या पिकाकडे निवांत पाहता येईल असे दिवस वर्षात फार थोडे येतात, आणि येळवस नेमकी त्यांतल्या एका दिवशी येते.

आता जेवणाकडे येते, कारण तुझ्या प्रश्नातले 'जेवून गेले' हे शब्दच महत्त्वाचे आहेत. आजीने पानात वाढलेल्या पातळ हिरवट-पिवळ्या पदार्थाला तू 'भजी' म्हणालीस आणि मामी हसली. ती भज्जी. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे आणि वालाचे कोवळे दाणे आदल्या संध्याकाळी सोलायचे, मेथी, चाकवत, कांद्याची पात, गाजर, वांगे असे शेतात जे असेल ते चिरून त्यात घालायचे, हिरव्या मिरचीचे आणि लसणाचे वाटण लावायचे आणि सगळे शिजत आले की आंबट ताकात कालवलेले बेसन त्यात सोडायचे, अशी तिची ढोबळ रीत आहे. नेमके प्रमाण आजीलाही सांगता येत नाही, कारण तिचे माप पातेल्याच्या काठावर असते. भज्जीबरोबर ज्वारी-बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर, आणि वर गाडग्यातली गार आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचे पीठ शिजवून ताकात कालवलेले, लसूण-मीठ घातलेले आणि रात्रभर ठेवून किंचित आंबवलेले पेय. दुपारच्या उन्हात पोटभर जेवल्यावर ती दोन पेले प्यायली की माणूस बांधावरच्या लिंबाखाली आडवा होतो, हे तू तुझ्या बाबांकडे पाहून शिकली असशीलच. मी इथे गोठवलेल्या वाटाण्यांची भज्जी दोनदा करून पाहिली. ती वाटाण्याची आमटी झाली, आणि आपण तिला त्याच नावाने खाल्ले.

जेवणाआधीची पूजा तुला आठवत असेल. कडब्याच्या पेंढ्यांची ती छोटी कोप, म्हणजे खोपटी, आत काव आणि चुना लावून मांडलेले पाच दगड म्हणजे पांडव, त्यांच्यापुढे नैवेद्य, आणि मग मामा पिकाभोवती फिरत आंबील शिंपडत होता. आधी माती जेवली, मग आपण. आपली पंगत खऱ्या अर्थाने तिसरी होती, कारण दुसरी पाहुण्यांची आणि तुम्हा मुलांची होती.

त्या पाहुण्यांत कोण कोण होते? मामाचे शाळेतले सहकारी, आजोबांच्या ओळखीचा एक निवृत्त वाहक, गावातला शिंपी आणि त्याची तीन मुले, शहरात भाड्याने राहणारी दोन कुटुंबे, आणि ते निळ्या स्वेटरातले काका. तू त्यांच्याशेजारी बसली होतीस आणि नंतर मला विचारलेस की ते आपले कोण. मी मामाला विचारले, मामाने आजोबांना, आणि आजोबा म्हणाले, "मला वाटलं, तुमच्याबरोबर आलेत." ते कोणाबरोबर आले होते, हे आजतागायत कळलेले नाही. त्यांनी खीर दोनदा मागून घेतली होती, एवढे आजीला लक्षात आहे. येळवशीचा रिवाजच असा आहे की ज्याला शेत नाही त्याने ज्याला आहे त्याच्याकडे जायचे, आणि ज्याला आहे त्याने वाटेवरच्याला हाक मारायची. त्या दिवशी आपल्याच शेतात आपण एकटेच जेवलो, तर ते कमीपणाचे समजतात.

तरीही हे सगळे फुकट होते, असे मी म्हणणार नाही. इथल्या फाटकावर किंमत आधी सांगतात आणि हिशेब तिथेच संपवतात. आपल्याकडे हिशेब असतोच, पण तो वर्षभर चालतो आणि कुठे लिहिलेला नसतो. आजोबांच्या तरुणपणी कोणाची नांगरट मागे पडली, तर तो इर्जिक घालत असे. म्हणजे गावकरी आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या शेतात येत, एका दिवसात काम उरकत, आणि तो त्यांना जेवू घालत असे. मजुरी म्हणून नाणे कोणी मागत नसे, पण जेवण हलके झाले तर त्याची चर्चा मात्र पुढच्या वर्षापर्यंत चाले. सुतार, लोहार, कुंभार यांना वर्षभराच्या कामाचे बलुते खळ्यावर धान्यातून मिळे. पीक घरात येण्याआधी त्याच्यावर इतक्या जणांचा हक्क लागलेला असे की 'माझे शेत' हे शब्द आजोबा आजही जरा जपूनच उच्चारतात.

यात एक गोष्ट तुझ्यापासून लपवायची नाही. आजोबांच्या लहानपणी या पंगतीत सगळे एकत्र बसत नसत. कोणी बांधाच्या आत जेवे, कोणी बांधाच्या पलीकडे, आणि ते जातीवरून ठरत असे. ज्यांच्या हातांनी ज्वारी कापली जाई, त्यांतल्या कित्येकांच्या ओंजळीत आंबील वरून ओतली जाई. तू पाहिलेली पंगत वेगळी होती, शिंप्याची मुले आणि तू एकाच सतरंजीवर होतात. पण जुन्या पाहुणचाराचे कौतुक कोणी तुझ्यापुढे फार करू लागले, तर कोण कुठे बसत होते, हे त्यांना जरूर विचार.

आणखी एक विचारायचे. तिकीट नव्हते हे खरे, मग त्या जेवणाची किंमत भरली कोणी? आजी आणि मामी त्या पहाटे तीनला उठल्या होत्या. आदल्या दिवशी दोघींनी मिळून दोन पाट्या शेंगा सोलल्या होत्या, आंबील लावली होती, पोळ्यांचे सारण वाटून ठेवले होते. दुपारी आपण सगळे हुंदडत असताना मामी चुलीपाशी होती आणि तिने पहिला घास घेतला तेव्हा चार वाजून गेले होते. अतिथी देव असतो, असे पुरुषमाणसे ओट्यावर बसून सहज म्हणतात. त्या देवाची भांडी कोणी घासली, हे त्या वाक्यात येत नाही. म्हणूनच त्या संध्याकाळी मी तुला आणि बाबांना पातेली घासायला विहिरीवर पाठवले. तू नाक मुरडलेस, पण ते तुझे तिकीट होते असे समज.

आजी इतके का करते, याचे कारण मला बरेच मोठे झाल्यावर समजले. 1972 च्या दुष्काळात ती तुझ्याहून लहान होती. तेव्हा रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळे आणि दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्यांना सुकडी नावाचा कोरडा खाऊ वाटला जाई. मिलोची भाकरी थापताना भेगाळे आणि घशातून उतरत नसे, असे ती सांगते, आणि त्यापुढे काही सांगत नाही. दारात आलेल्या माणसाला नाव विचारण्याआधी ती "जेवलास का?" विचारते, ते तेव्हापासून. 2016 च्या जानेवारीतली येळवसही मला आठवते. तेव्हा तू फार लहान होतीस आणि मी फोनवर होते. पाऊस सलग हुकला होता, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती, आणि पुढे एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मला वाटले, या वर्षी आई कोणाला बोलावणार नाही. तिने बोलावले. भज्जीसाठी शेंगा बाजारातून विकत आणल्या, आंबील नेहमीच्या निम्मी लावली आणि पेल्यांऐवजी वाट्यांतून दिली. आजोबा त्यावर चिडले होते, हेही सांगायला हवे, कारण त्या शेंगांचे पैसे उधारीचे होते आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

आता आपल्याकडेही शेत पाहायचे पैसे घेतात. थंडीत हुरडा पार्टीच्या पाट्या रस्तोरस्ती दिसतात; गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कोवळी कणसे, हातावर चोळून काढलेला गरम हुरडा, लसणाची चटणी, गूळ, दही, बोरे, बैलगाडीची फेरी, आणि या सगळ्याचा माणशी दर. राज्य शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरणही आणले. मामाच्याही डोक्यात तो विचार आहे आणि आजोबांना तो मुळीच पसंत नाही. मी मामाच्या बाजूची आहे. ज्वारीच्या भावावर घर चालत नसेल आणि शहरातली माणसे चुलीवरच्या भाकरीसाठी आनंदाने पैसे देत असतील, तर ते घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. शिवाय तेव्हा मामीच्या कष्टाला निदान एक आकडा तरी मिळेल. फक्त येळवशीच्या दिवशी फाटक उघडे ठेवायचे, असे मामाने आजीला कबूल केले आहे, आणि त्या अटीवर ती गप्प आहे.

राहता राहिला स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यातला तो स्टीलचा डबा. निघताना आजीने त्यात ज्वारीचे पीठ भरून दिले होते. सोबत पुरचुंडीत तीळ आणि जवसाची चटणी होती. याला वानवळा म्हणतात: आपल्या शेतात पिकलेल्यातले थोडेसे, शेजाऱ्याला किंवा नात्यातल्या माणसाला. पीठ केव्हाच संपले, डबा मात्र आपल्याकडेच आहे, आणि कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. पुढच्या वेळी जाताना त्यात काय न्यायचे, ते तू ठरव. शनिवारच्या स्ट्रॉबेरीचा मुरंबा करावा असे माझ्या मनात आले होते, पण आजीला साखर वर्ज्य आहे आणि आजोबा तो सगळा एकटेच संपवतील.

तुझी,
आई