नवा मोगरा मलूल का पडतो?

प्रश्न : होळीच्या सुमारास नर्सरीतून कळ्यांनी लगडलेला मोगरा आणून अंगणात लावला. खड्ड्यात शेणखत घातलं, रोज सकाळी पाणी घालते. तीन आठवड्यांत कळ्या गळाल्या, खालची पानं पिवळी पडली, नवी फूट नाही. खत कमी पडतंय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : खताचा विषय सध्या बाजूला ठेवा. एक सुकी काडी खोडालगत चार बोटं खोल खुपसा, दुसरी तिथून वीतभर दूर. दूरची काडी ओली आणि खोडाजवळची कोरडी निघाली, तर दुखणं मुळांभोवतीच्या लाल मातीच्या गोळ्यात आहे. वाहतुकीत रोप हलू नये म्हणून ही चिकण माती घट्ट दाबलेली असते. एकदा सुकली की आवळते, कडेला फट पडते आणि तुमचं रोजचं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं. मुळं मात्र तहानलेलीच. (दोन्ही काड्या चिखलाने माखल्या तर उलट आहे : पाणी जास्त होतंय, वरची माती सुकेपर्यंत थांबा.)

या उन्हात रोप उपटू नका. विणकामाच्या जाड सुईने गोळ्यात चार-पाच ठिकाणी 10 सेंमी खोल भोकं पाडा. खोडाभोवती छोटं आळं करून लिटरभर पाणी सावकाश सोडा, दहा मिनिटांनी आणखी लिटरभर. पुढचं पाणी काडी बघून. साधारण एक दिवसाआड पुरतं. उरलेल्या कळ्या खुडा. जीवावर येतं, पण मुळं धरेपर्यंत फुलं हा त्या रोपाला भुर्दंडच. दहा-बारा दिवस दुपारी जुन्या ओढणीची सावली करा, नंतर मात्र पाच-सहा तास थेट ऊन हवंच, नाहीतर नुसता पाला वाढतो. वाळक्या पानांचा दोन इंच थर पसरा, खोडापासून दोन बोटं जागा सोडून.

नवी फूट दिसल्यावर महिन्याभराने दोन मुठी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. लावताना घातलेलं शेणखत ताजं असेल, तर त्याच्या उष्णतेनेही मुळं भाजलेली असू शकतात.

पुढचं रोप जून-जुलैत लावा. पिशवी काढायच्या आधी ती बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग गोळ्याची बाहेरची माती हलक्या हाताने मोकळी करा. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल पुरे. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच राहू द्या.

प्रश्न : माझ्या मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी बोअरचं आहे. (एक वाचक, लातूर)

उत्तर : ही लोहाची कमतरता. जड पाणी आणि चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. लिटरभर पाण्यात 2 ते 3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. द्रावण लागेल तेवढंच आणि त्याच वेळी करा. ठेवून तांबूस पडलं की त्याचा उपयोग नाही.