कॉलेजात शिष्यवृत्ती मदत केंद्र काढताना

वर्गणी काढून एकदोघांची फी भरायचा विचार आधी बाजूला ठेव, ती मदत एकदाच पुरते. जास्त पोरं महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवरच्या, फॉर्मवर अडतात. तिथंच बस.

लॅपटॉप, स्कॅनर आणि एक वही एवढं पुरे. वहीत नाव, अर्ज क्रमांक, योजना आणि अर्ज आत्ता कुठं अडकलाय, एवढेच रकाने. पासवर्ड, ओटीपी लिहून घेऊ नकोस. ज्याचा त्यानंच टाकायचा.

सगळ्यात मोठा घोळ बँकेचा. 'माझं खातं आधारला जोडलंय' असं जो तो सांगतो, पण पैसे जातात ते शेवटी डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, जोडलेल्या खात्यात. पुष्कळदा ते सिमकार्ड घेताना उघडलेलं आणि विसरलेलं पेमेंट बँकेचं खातं निघतं. म्हणून आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे डीबीटीला कुठली बँक जोडलीय, ते आधी बघ, फॉर्म नंतर.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, नुसता तलाठ्याचा चालत नाही. वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादाही सरसकट नाही: अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीला २.५ लाख, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला ८ लाख. नूतनीकरण दरवर्षी, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना ठासून सांग.

फॉर्म सबमिट झाला की पोरं निवांत होतात. तो कॉलेजच्या लॉगिनला मंजुरीविना पडून असतो. दर आठवड्याला यादी घेऊन क्लार्ककडे जा, गोडीनं बोल. त्रुटी काढून परत पाठवलेले अर्ज सोयाबीनच्या काढणीत हमखास राहतात, कारण पोरं गावी असतात. तेव्हा घरचा एक नंबरही वहीत घे.