केजीबीतले दोन विटलेले अधिकारी एकत्र पळून जायचा बेत आखतील, हे कादंबरीत पटेल का?

तुम्ही शीतयुद्धावर कादंबरी लिहिताय. त्यात केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेतले दोन अधिकारी व्यवस्थेला विटून ब्रिटिशांकडे जायचं मिळून ठरवतात, आणि हे वाचकाला पटेल का, असं तुम्ही विचारलंय.

विटणं सहज पटेल. मिळून ठरवणं पटवताना मात्र तुमचा कस लागेल. तिथे सहकाऱ्यापाशी मन मोकळं करणं म्हणजे जीव त्याच्या हाती देणं. तो खरंच विटलाय की आपल्याला चाचपतोय, हे कळणार कसं?

केजीबीचा अधिकारी ओलेग गोर्दिएव्हस्की याचं उदाहरण घ्या. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा तो कोपनहेगनच्या वकिलातीत होता. त्याने घरी फोन करून संताप ओकला, तोही डॅनिश गुप्तचर ऐकत असतील या हिशेबाने. ब्रिटिशांसाठी तो काम करू लागला १९७४ मध्ये. मधली सगळी वर्षं नोकरी केजीबीचीच! जुलै १९८५ मध्ये ब्रिटिशांनी त्याला मोटारीच्या डिकीत लपवून फिनलंडमध्ये काढलं, तेव्हा त्याच्या दुसऱ्या बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती दोन मुलींसह मागे राहिली. १९९१ मध्ये भेट झाली, पण संसार टिकला नाही. कादंबऱ्यांत डिकीचं वर्णन पानंच्या पानं असतं आणि या सहा वर्षांना एक ओळ मिळते. मला हे फार खटकतं.

मला सगळ्यात जास्त ओढून घेतो तो वासिली मित्रोखिन. हा केजीबीच्या दफ्तरखान्यातला माणूस. १९७२ पासून लुब्यान्का या मॉस्कोतल्या जुन्या मुख्यालयाच्या फायली यासेनेव्होच्या नव्या मुख्यालयात हलवायचं काम त्याच्याकडे आलं. दडपशाहीच्या नोंदी वाचून तो आतून तुटत गेला आणि गुपचूप टिपणं काढू लागला. सुरुवातीला बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या बुटात दडवून बाहेर न्यायचा. मग गावाकडच्या घरी त्या टंकलिखित करून, दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीखाली पुरायचा. निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९८४ पर्यंत, हे चाललं. पुढेही तो वाट पाहत राहिला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९२ मध्ये बाल्टिक देशांकडे गेला. अमेरिकनांनी दाद दिली नाही, म्हणून ब्रिटिश वकिलातीची पायरी चढला.

अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेतला ऑल्ड्रिच एम्स १९८५ साली उलट दिशेने, कर्जापायी सोव्हिएतांकडे गेला. तो विटून नव्हे, पैशासाठी गेला, म्हणून तो नमुना तुमच्या कामाचा नाही.

गोर्दिएव्हस्की काय किंवा मित्रोखिन काय, दोघांची वाट एकट्याची होती. म्हणून निदान अर्धी कादंबरी तरी तुमच्या दोघांना एकमेकांचा संशय येऊ द्या. एकाने दुसऱ्याच्या बुटातली चिठ्ठी पाहिली आणि वर कळवलं नाही, एवढ्यावरून सुरुवात करता येईल. आता न कळवणाराही गुन्ह्यात सामील, आणि पाहणारा गप्प का, हे चिठ्ठीवाल्याला कळत नाही. पुढचा शब्द कोण बोलतो, यावर चार प्रकरणं सहज उभी राहतील. आणि दोघांच्या बायकांना किती ठाऊक आहे, हे लिहायला बसण्याआधीच ठरवून टाका.