शनिवार लांबचा, रविवार जवळचा
वाचकांचे प्रश्न : बदलीच्या गावी

प्रश्न : यजमान लष्करात आहेत. पुण्याहून शिलाँगला बदली होऊन तीन महिने झाले. मेघालय पाहायचं तर आम्हाला शनिवार-रविवारच मिळतो. गेल्या डिसेंबरात एका रविवारी नऊ वाजता आपल्या गाडीने निघून नोंगरियाटचा दुमजली मुळांचा पूल पाहायला गेलो. पूल पाहिला, पण वर येताना अंधार पडला, माझे पाय लटलटायला लागले आणि वाटेत जेवायलाही मिळालं नाही. आमचं काय चुकलं?

उत्तर : ताई, वेळ आणि वार, दोन्ही चुकले. घड्याळ सगळ्या देशाचं एक असलं तरी देशाच्या पूर्व टोकाला सूर्य लवकर मावळतो. डिसेंबरात पुण्यात सहापर्यंत उजेड असतो, शिलाँगला साडेचारच्या सुमारास सूर्यास्त. म्हणून दिवसाचं गणित सूर्यास्तापासून मागे मोजत यायचं.

शिलाँगहून सोहरा, म्हणजे आपलं शाळेतलं चेरापुंजी, ५५ किलोमीटरच्या आसपास आणि दोन तासांचं. तिथून पुढे तिरना गाव, जिथे गाडी थांबते. तिरनाहून खाली साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आणि मध्ये नदीवर झुलणारे तारांचे दोन पूल. उतरायला दीड ते दोन तास, चढायला दोन ते अडीच. पहाटे पाचला शिलाँग सोडलं तर आठला उतरायला लागता, दहाला पुलाशी. साडेअकराला परत फिरलात की दोनपर्यंत वर. पुलाच्या पुढचा रेनबो धबधबा त्याच दिवशी करू नका, त्याला जाऊन-येऊन आणखी दोन-तीन तास लागतात. तो पाहायचाच असेल तर शनिवारी रात्री नोंगरियाटमध्येच घरगुती निवासात राहा. स्टेशन, म्हणजे नेमणुकीचं ठिकाण, सोडून रात्री मुक्काम म्हणजे यजमानांना परवानगी लागणार. ती बुधवारपर्यंत हातात असू द्या, शुक्रवारी संध्याकाळी धावपळ नको.

पाय लटलटले ते चढण्याने नाही. उतरताना मांडीचे स्नायू दर पायरीला ब्रेकचं काम करतात आणि तिथेच दमतात, चढताना ते फक्त कळतं. पायऱ्या अरुंद, उभ्या आणि शेवाळलेल्या आहेत. पाऊल तिरकं ठेवा, गुडघा ताठ करू नका, तिरनाला बांबूची काठी मिळते ती घ्याच. बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा, नाहीतर उतरताना अंगठा पुढे आदळून नख काळंनिळं पडतं. माणशी दीड लिटर पाणी, त्यातल्या अर्ध्यात मीठ-साखर.

आणि पुलाशी घाई करू नका. रबराच्या झाडाची कोवळी मुळं पोफळीच्या पोखरलेल्या खोडांतून ओढ्यापलीकडे नेतात, ती तिथल्या मातीत रुजतात, जाड होतात, एकमेकांत गुंततात. माणसाचं वजन पेलायला पंधरा-वीस वर्षं तरी जातात. हात लावून पाहा, लोखंडासारखं कठीण लागतं आणि तरी बाजूला नवं मूळ दोऱ्याएवढं फुटलेलं असतं. त्या दोऱ्याला कुणी लोंबकळू नये, एवढं सांभाळा.

आता वार. खासी टेकड्यांत रविवार प्रार्थनेचा. सकाळी गावंच्या गावं चर्चमध्ये असतात, बाजार बंद, टॅक्स्या विरळ, रस्त्याकाठची चहा-भाताची दुकानंही बहुतेक मिटलेली. म्हणून लांबचं ते शनिवारी आणि रविवारी जवळचं, घरून डबा घेऊन. उमियाम तलाव किंवा लाइटलुमचा कडा. लाइटलुमला मात्र उजाडताच पोहोचा. दुपारकडे दरीतून ढग वर चढला की दहा पावलांवरचं दिसत नाही.

मॉफलांगची देवराई जवळ असूनही शनिवारच्या यादीत टाका, कारण वाटाड्या गावातलाच घ्यावा लागतो. कोकण-सह्याद्रीतल्या देवराया पाहिलेल्यांनी तर तिथे जायलाच हवं. नियम आपल्याकडचाच, फक्त अजून कडक पाळलेला : आतलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. गाडीत बसण्याआधी बुटाला, ओढणीला चिकटलेलं झटकून तिथेच टाका.

प्रश्न : आम्ही दोघं शाकाहारी. बाहेर काय खावं?

उत्तर : दोन शब्द पाठ करा. ‘जा’ म्हणजे भात, ‘दोह’ म्हणजे मांस. ‘जादोह’ हा पिवळा भात दिसायला पुलावासारखा असला तरी डुकराच्या मांसात शिजवतात. तुंगताप नावाच्या चटणीत सुकी मासळी असते, तुंगरिम्बाई सोयाबीनची असली तरी तिच्यात बहुधा डुकराचं मांस पडतं. नुसता ‘जा’, डाळ आणि बटाटा मागा. दुकान चालवणारी बाई असते, तिला ‘काँग’ म्हणा, म्हणजे ताई. पुरुषाला ‘बाह’. निघताना ‘खुब्लेई’, म्हणजे धन्यवाद, म्हटलंत की पुढच्या वेळी ओळख राहते.

बरोबर दुधात भिजवलेल्या दशम्या आणि दाण्याची चटणी न्या. दशम्या पूर्ण गार करून सुती कापडात गुंडाळा. गरम डब्यात भरल्या की वाफेचं पाणी होतं आणि तिथल्या दमट हवेत दुसऱ्याच दिवशी बुरशी धरते. कुणी ‘क्वाई’ दिली तर जपून : ओली सुपारी, पान, चुना. सवय नसेल तर कान तापतात, घाम फुटतो. चतकोर पुरे.

प्रश्न : डावकीची काचेसारखी नदी जुलैत दिसेल का?

उत्तर : नाही. उमंगोट नितळ असते ती साधारण नोव्हेंबर ते मार्च. पावसात गढूळ लोंढा. पुढेच बांगलादेशची सीमा आहे, सीमा सुरक्षा दलाच्या चौकीचे फोटो काढू नका. निवासात आधार किंवा लायसन्स दाखवा, लष्करी ओळखपत्राची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, आणि युनिटचं नाव कळेल असा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका.

जुलैत धबधबे पाहा. सोहऱ्याला वर्षाकाठी महाबळेश्वरच्या साधारण दुप्पट पाऊस पडतो आणि ३४० मीटरचा नोहकलिकाई तेव्हा भरात असतो. ढग आला तर अर्धा तास थांबा, बऱ्याचदा पडदा सरकतो. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, सतत ब्रेक दाबून ठेवलात तर तापून पकड जाते. धुक्यात दिवे खालचे, वरचे लावले तर समोर पांढरी भिंत उभी राहते. जळू चिकटली तर मीठ चोळू नका, ओढूही नका. नखाने आधी तोंडाकडची बारीक बाजू सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण जळू ते गोठू देत नाही. धुऊन दाबून धरा, थांबतं.

प्रश्न : एमएच पासिंगची गाडी किती दिवस चालेल?

उत्तर : बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी आपल्या आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं. संरक्षण दलातल्यांना बीएच, म्हणजे सगळ्या देशात चालणारी ‘भारत’ मालिका मिळते, मग दर बदलीला हे करावं लागत नाही. पुढची बदली येण्याआधी करून घ्या.